दारापुढची गाडी



आजचा विषय तसा लहान आहे. आपल्या घराच्या दारापुढे, वाड्याच्या दिंडीपुढे किंवा बोळाच्या तोंडाशी कोणीतरी मोटार उभी करून निघून जातो आणि घरच्या माणसांचे जाणे-येणे अडते. अशा वेळी काय करावे, कोणाला सांगावे, कायदा काय म्हणतो, एवढेच आज सांगायचे आहे. विषय लहान खरा, पण त्यापायी शेजाऱ्याशेजाऱ्यांत अबोला धरल्याची, प्रकरण हातघाईवर आल्याची उदाहरणे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असतील. आणि रात्री-अपरात्री घरात एखादी बाई अडली, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत कळ आली, आणि दारापुढच्या मोटारीमुळे रुग्णवाहिका आळीच्या तोंडाशीच थांबली, तर मग हा विषय लहान राहत नाही.

कोणी म्हणेल, गाड्या काय पूर्वी नव्हत्या? होत्या की! पण बैलगाडी दारापुढे सोडलेली असली, तरी ती कोणाची हे साऱ्या आळीला माहीत असे. हाक मारली की धनी येई. तो नसला तर दोन माणसे पुढून जू उचलून धरीत, तिसरा मागून रेटी, आणि गाडी भिंतीच्या कडेला लागे. म्हणजे अडथळा झाला तरी तो हलवता येण्याजोगा असे आणि धनी सापडण्याजोगा असे. मोटारीचे तसे नाही. लहानात लहान मोटार म्हटली तरी ती कित्येक क्विंटल भरते. चाकांना ब्रेक, दारांना कुलूप, आणि किल्ली मालकाच्या खिशात. मालक बाजारात, लग्नाच्या मांडवात, नाही तर जत्रेच्या गर्दीत. नंबराच्या पाटीवरून गाडीची नोंद कोणत्या कार्यालयात झाली एवढे कळते. माणूस कळत नाही. न हलणारी वस्तू आणि न सापडणारा धनी, ही या तंट्याची दोन मुळे आहेत. ती ध्यानात ठेवली म्हणजे उपाय कोठे करायचा तेही आपोआप कळते.

आता थोडे मोजमाप करू. गावठाणातला बोळ दहा फुटांचा धरा. लहान मोटार साधारण साडेपाच फूट रुंद असते. दोन्ही बाजूंचे आरसे धरले तर सहा फूट. ती भिंतीपासून वीतभर अंतर सोडून लावली, तर पलीकडे राहिले किती? सव्वातीन फूट. त्यातून एकटा माणूस जाईल, सायकल जाईल, शेळी-मेंढी जाईल. पण रुग्णवाहिकेला स्वतःच्या अंगालाच सहा-साडेसहा फूट लागतात. आग विझवणाऱ्या मोठ्या बंबाची रुंदी आठ फुटांच्या आसपास. इतकेच काय, चौघांच्या खांद्यावरची तिरडीसुद्धा अशा फटीतून धड निघत नाही. गाडी लावणाऱ्याला वाटते, ‘बाजूला तर लावली आहे, जायला जागा आहे की!’ जागा असते, पण ती त्याच्या एकट्याच्या चालण्यापुरती असते.

दुसरी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मोटार आपल्या फाटकापुढे नाही, समोरच्या भिंतीला लावली आहे. मग तक्रार कसली, असे लोक विचारतात. तर त्याचे असे आहे. दोन चाकांची बैलगाडी एका चाकावर जवळजवळ जागच्या जागी फिरवता येते. मोटारीची पुढची चाके तेवढी वळतात, मागची सरळच राहतात. त्यामुळे तिला वळायला मोठा घेर लागतो. लहान मोटारीचाही हा घेर मध्यबिंदूपासून पंधरा-सतरा फुटांचा असतो. अरुंद बोळातून फाटकात शिरायचे तर गाडीला बोळाची जवळजवळ सगळी रुंदी वापरावी लागते, तीही दोनदा पुढेमागे करून. म्हणून अरुंद रस्त्यावर फाटकाच्या अगदी समोर लावलेली गाडी फाटक बंद केल्यासारखीच असते. घरमालक उगाच कुरकुर करतो असे यात नाही.

आता हक्काचा प्रश्न. इथे दोन्ही बाजू समजून घेतल्या पाहिजेत, कारण बहुतेक भांडणे एकच बाजू माहीत असल्यामुळे होतात. सार्वजनिक रस्ता हा जाण्या-येण्यासाठी आहे, वस्तू ठेवण्यासाठी नाही. तेव्हा मोटारवाल्याला ‘रस्ता सरकारचा आहे, मी कुठेही लावीन’ असे म्हणता येत नाही. पण घरमालकालाही ‘माझ्या घरापुढचा रस्ता माझा’ असे म्हणता येत नाही. त्याचा हक्क आपल्या दारातून रस्त्यावर येण्याचा आणि रस्त्यावरून दारात जाण्याचा आहे. हा हक्क पक्का आहे. पण तो वाटेपुरता आहे, जागेपुरता नाही. आपल्या कुंपणाच्या भिंतीपुढे, फाटक मोकळे ठेवून आणि रहदारीला अडथळा न करता कोणी गाडी लावली, तर ती आवडली नाही म्हणून तक्रार करता येणार नाही.

म्हणूनच दारापुढे दगड मांडणे, सिमेंटच्या कुंड्या ठेवणे, जुने टायर पुरणे, साखळी बांधणे हे प्रकार बरे नव्हेत. गाडी अडथळा असेल, तर रस्त्यावरचा दगडही अडथळाच आहे. ग्रामपंचायत कायदा १९५८ सालचा आहे. त्याच्या ५३ व्या कलमाने सार्वजनिक रस्त्यावरची अडगळ आणि अतिक्रमणे काढून टाकण्याचा अधिकार पंचायतीला दिला आहे. आपल्या ओट्याची पायरी किंवा गाडी आत घेण्यासाठी केलेला सिमेंटचा उतार रस्त्यावर दोन फूट आला असेल, तर आधी तो पाहावा. मग दुसऱ्याला सांगायला तोंड मोकळे राहते. फाटकावर ‘येथे गाडी लावू नये’ अशी पाटी लावायला हरकत नाही, चांगलेच आहे. पण ती पाटी म्हणजे विनंती. वाहने उभी करण्यास अधिकृत मनाई करायची, तर तसा आदेश सक्षम अधिकाऱ्यानेच काढावा लागतो.

कायदा काय म्हणतो ते आता थोडक्यात पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम सांगते की, सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा अकारण गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे ठेवू नये. ‘सार्वजनिक जागा’ याचा अर्थही या कायद्यात रुंद आहे. जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे तो रस्ता, मग तो पुढे कोठे निघत असो वा नसो, सार्वजनिकच. म्हणजे एका तोंडाची गल्लीही यात येऊ शकते. या कायद्याखालच्या १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत, घराच्या अथवा आवाराच्या प्रवेशद्वाराला अडवून गाडी लावू नये, असे स्पष्ट होते. २०१७ साली त्या नियमांच्या जागी नवी नियमावली आली, तिनेही हाच दंडक ठेवला आहे. नियम मोडणाऱ्यास १७७ व्या कलमाखाली दंड होतो. पूर्वी तो पहिल्या वेळी शंभर रुपयांपर्यंत होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो पहिल्या वेळी पाचशे आणि पुन्हा केल्यास दीड हजार रुपयांपर्यंत वाढला.

गाडी हलवण्याचा अधिकार कोणाचा? १२७ व्या कलमाप्रमाणे, मनाई असलेल्या जागी लावलेली किंवा सार्वजनिक जागी दहा तास अथवा त्याहून अधिक वेळ बेवारशी टाकलेली गाडी ओढून नेण्याचा किंवा तिच्या चाकाला कुलूप घालण्याचा हुकूम त्या हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी देऊ शकतो. ओढून नेण्याचा खर्च गाडीच्या मालकावर बसतो. हे नीट ध्यानात ठेवा: अधिकार पोलिसांचा आहे, आपला नाही.

याखेरीज १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे २८५ वे कलम आहे. सार्वजनिक वाटेत अडथळा किंवा धोका निर्माण करणाऱ्यास त्यात पाच हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. जुन्या दंडसंहितेत तो दोनशे रुपयेच होता. तिसरे कलम १२६ वे, माणसाला जाण्याचा हक्क असलेल्या वाटेवर त्याला जाणूनबुजून अडवण्याविषयीचे. त्याला एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यातला ‘जाणूनबुजून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. घाईत, न कळत गाडी लावणारा वेगळा, आणि ‘तुमची वाट अडते आहे’ असे सांगितल्यावरही ‘नाही काढत, काय करायचे ते करा’ म्हणणारा वेगळा. पहिल्याची चूक आहे; दुसऱ्याच्या वागण्यात हेतू दिसतो. म्हणून आधी नीट शब्दांत सांगणे हे शिष्टाचार म्हणून तर योग्यच, पण पुढे प्रकरण वाढले तर कायद्याच्या दृष्टीनेही ते उपयोगी पडते.

तेव्हा सकाळी दार उघडले आणि पुढे अनोळखी मोटार दिसली, तर क्रम कसा असावा?

पहिले काम, मालक शोधणे. काचेच्या आत फोन नंबर लिहिलेला आहे का पाहावे. शेजारच्या घरी पाहुणे आले आहेत का, दुकानात कोणी थांबले आहे का, विचारावे. लग्नकार्य किंवा सभा असेल तर तिथल्या ध्वनिक्षेपकावरून गाडीचा नंबर पुकारून घ्यावा. मालक सापडला की बोलावे कसे? ‘कोणाची रे ही गाडी? डोळे फुटले होते का?’ असे म्हणालात की गाडी राहते बाजूला आणि डोळ्यांवरूनच भांडण सुरू होते. ‘दादा, आईला दवाखान्यात न्यायचे आहे, एवढी गाडी पुढे घेता का?’ असे म्हटले की दहांतले नऊ जण ओशाळून गाडी काढतात. गरज सांगावी, दोष सांगू नये. गरजेला माणूस धावतो, दोषाला उलटतो.

दुसरे काम, नोंद ठेवणे. मालक सापडला नाही किंवा रोज हाच प्रकार होऊ लागला, तर हातातल्या फोनने दोन चित्रे घ्यावीत. एक जवळून, नंबराची पाटी दिसेल असे. दुसरे लांबून, गाडी आणि आपले दार दोन्ही दिसतील असे. तारीख आणि वेळ वहीत टिपून ठेवावी. शेजारचा एखादा साक्षीदार असला तर उत्तम.

तिसरे काम, कळवणे. शहरात वाहतूक पोलिसांना कळवावे. खेड्यात गाडी ओढून नेणारा ट्रक असतोच असे नाही, पोलीस ठाणेही दूर असते. तिथे आधी पोलीस पाटलाला आणि सरपंचाला सांगावे. गावातला माणूस गावातल्या माणसाच्या शब्दाने जितक्या लवकर ऐकतो, तितका पावतीने ऐकत नाही. तरीही ऐकले नाही तर पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. एकाच ठिकाणी हा त्रास कायमचा होऊन बसला असेल, आणि साऱ्या आळीला तो भोगावा लागत असेल, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सर्वांनी मिळून अर्ज करता येतो. सार्वजनिक वाटेतला अडथळा दूर करण्याचा हुकूम काढण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात आहे.

पण आजारी माणूस घरात असेल, आग लागली असेल, तर हा क्रम पाळत बसू नये. सरळ ११२ या क्रमांकावर फोन करावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, आगीसाठी १०१. फोनवरच सांगावे की वाट अडली आहे, गाडी अमुक ठिकाणापर्यंतच येईल. म्हणजे येणारी माणसे झोळी किंवा स्ट्रेचर घेऊन चालत आत येण्याच्या तयारीने येतात, आणि बोळाच्या तोंडाशी पाच मिनिटे फुकट जात नाहीत. आळीतल्या दोन तरुणांनी कंदील किंवा विजेरी घेऊन तोंडाशी उभे राहावे.

काय करू नये, तेही सांगतो. चाकातली हवा सोडू नये. काच फोडू नये, रंगावर ओरखडा काढू नये. आपली दुसरी गाडी आडवी लावून त्याला कोंडू नये. राग येतो हे खरे, पण चाकातली हवा सोडली की ती गाडी उलट आणखी दोन तास तिथेच राहते! शिवाय दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान हा स्वतंत्र गुन्हा आहे. सकाळी जो फिर्यादी असतो तो अशाने दुपारी आरोपी होऊन बसतो.

आतापर्यंत सार्वजनिक रस्त्याचे झाले. वाट खाजगी असेल तर? वाड्यातला सामाईक बोळ, भावाभावांच्या वाटणीत राहिलेली चिंचोळी जागा, यांबाबत पोलीस बहुधा म्हणतात की हा दिवाणी मामला आहे. अशा वेळी वाटणीपत्र, खरेदीखत, नगरभूमापनाचा उतारा यांत वाटेचा उल्लेख आहे का ते पाहावे. कागदात नसले तरी, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे, वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि खंड न पडता वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क सांगता येतो. शेतात जाणाऱ्या वाटेवर कोणी ट्रॅक्टरची ट्रॉली लावून ठेवली किंवा वाट बंद केली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या ५ व्या कलमाखाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. ही मुदत पुष्कळांना माहीत नसते. ‘बघू, दिवाळीनंतर बोलू’ म्हणताना ती निघून जाते. घरगुती तंट्यात कचेरीची पायरी चढण्यापूर्वी गावची तंटामुक्त समिती आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यात ही मोहीम सुरू झाली ती अशाच, दोन शहाण्या शब्दांनी मिटणाऱ्या वादांसाठी.

आता गावाने मिळून काय करावे ते पाहू. कारण एकेकट्याने रोज भांडून हा प्रश्न सुटणार नाही. आपल्या गावांत बाजारच्या दिवशी, जत्रेला आणि लग्नसराईत गाड्यांची गर्दी होते. दिवस आधीपासून ठाऊक असतात, तर तजवीजही आधी करता येते. पूर्वी बैलगाड्या सोडायला बाजारतळाची एक बाजू ठरलेली असे, तशीच मोटारींना ठरवावी. पीक निघालेले एखादे रिकामे रान मालकाच्या संमतीने घ्यावे, चुना टाकून रांगा आखाव्यात, गावात शिरण्यापूर्वीच बाणाची पाटी लावावी आणि दोन स्वयंसेवक उभे करावेत. गावातला एक मुख्य रस्ता निदान बारा फूट रुंदीने पूर्ण मोकळा राहील असे ठरवावे, म्हणजे बंबही जाईल. लग्नघरच्या यजमानाने पाहुण्यांना पत्रिकेसोबतच गाड्या कोठे लावायच्या ते कळवावे. जेवणाची पंगत मांडताना जितका विचार आपण करतो, त्याच्या चौथा हिस्सा विचार गाड्यांचा केला तरी पुरे. आणि कोणत्या अरुंद बोळांत गाडी मुळीच लावायची नाही, हा ठराव ग्रामसभेत करून पुढच्या मंजुरीसाठी पाठवावा. ठराव झाला की सांगणारा एकटा पडत नाही. गाव सांगते आहे असे होते.

शिक्षकमित्रांना इथे एक सुचवायचे आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना एक फीत देऊन गावातले दहा बोळ मोजायला लावा. प्रत्येक बोळाच्या रुंदीतून मोटारीचे सहा फूट वजा करायला सांगा, आणि उरलेल्या जागेतून काय काय जाईल ते लिहायला सांगा: माणूस, सायकल, बैलगाडी, रुग्णवाहिका, बंब. वजाबाकी होईल, नकाशा होईल, नागरिकशास्त्राचा धडाही होईल. ज्या बोळात रुग्णवाहिका शिरत नाही तो नकाशावर तांबड्या खडूने रंगवा आणि नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. मुलाने घरी जाऊन ‘बाबा, आपली गाडी लावल्यावर सव्वातीनच फूट उरतात’ असे म्हटले, की त्या बापाला दुसरे काही सांगावे लागत नाही. शाळेच्या फाटकापुढेही हाच नियम लागू आहे, हे सुटण्याच्या वेळी मोटारसायकली घेऊन दाटीने उभ्या राहणाऱ्या पालकांना सांगायला विसरू नका.

शेवटी दोन शब्द गाडी असणाऱ्यांना. गाडी लावून उतरलात की लगेच चालू पडू नका. एकदा मागे वळून पाहा. कोणाचे दार दिसते का? कोणाचे फाटक, कोणाची पायरी? त्या घरातले माणूस आत्ता खाटेवर घालून बाहेर काढायचे झाले, तर निघेल का? निघणार नसेल, तर शंभर पावले लांब लावा आणि चालत या. आणि गाडीच्या काचेआड एका कागदावर आपला फोन नंबर ठळक लिहून ठेवा. पूर्वीचा गाडीवान हाकेच्या अंतरावर असे. आताच्या गाडीवानाने निदान फोनच्या अंतरावर असावे. सुरुवातीला जी दोन मुळे सांगितली, त्यांतले न हलणाऱ्या गाडीचे मूळ आपल्या हाती नाही. पण न सापडणाऱ्या धन्याचे मूळ दोन रुपयांच्या कागदाने आजच्या आज काढून टाकता येते. तेवढे प्रत्येकाने केले, तर कलमांची आठवण काढण्याची वेळ क्वचितच येईल.